शेकरू कुठे असतं आणि आम्ही कुठे जातो

गेले तीन वीकांत इथे काहीच लिहिलं नाही. रिलीज नव्हतं, आजारी नव्हतो, मुलगी पाहायलाही गेलो नव्हतो (ही ओळ वाचून आईला वाईट वाटेल). कारण होतं शेकरू.

शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी. ती मोठी, तांबूस-तपकिरी, झुबकेदार शेपटीची खार. भीमाशंकरला जाऊन आलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेलं असतं, आणि ज्याला दिसत नाही तो "आवाज मात्र ऐकला हं" असं सांगतो. मी दुसऱ्या गटातला.

तर झालं असं. माझी एक मावसबहीण आहे. आम्ही सगळे तिला नुसतं ताई म्हणतो. ती जंगलात काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहे. गट छोटा म्हणजे किती छोटा? एक भाड्याची जीप, पाच-सहा माणसं आणि पावसाळ्याआधी फिरायला जेमतेम बारा दिवस. अभयारण्याच्या हद्दीबाहेर शेकरूची घरटी कुठे आहेत ते शोधायचं, असं त्यांचं यंदाचं काम. संक्रांतीला मावशीकडे जेवायला जमलो होतो तेव्हा ती म्हणाली, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? आमच्याकडे नोंदींचा ढीग आहे. बारा दिवसांत जायचं कुठे, ते तुझं मशीन सांगेल का?"

समोर गुळपोळी, वर तूप, आणि कोणीतरी आपल्याला हुशार समजतंय. मी म्हटलं, "ताई, दोन वीकांत दे."

एकच लागला.

०.९४

या प्रकाराला 'प्रजाती-वितरण मॉडेल' म्हणतात, हे मला त्या शनिवारी कळलं. कल्पना सोपी आहे. प्राणी जिथे जिथे दिसला त्या जागांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. तिथे पाऊस किती, उन्हाळ्यात तापतं किती, उंची किती, झाडोरा किती, हे बघायचं. मग अशाच प्रकारच्या जागा आणखी कुठे आहेत ते नकाशावर रंगवायचं. हवामानाचा विदा फुकट मिळतो. वर्ल्डक्लिम नावाच्या संचात साधारण एक किलोमीटरच्या चौकटींत, पाऊस आणि तापमानावरून काढलेले १९ थर तयार आहेत. मॉडेल बांधायला मॅक्सएंट नावाचा प्रोग्रॅम आहे. फिलिप्स, अँडरसन आणि शापिरे या तिघांनी २००६ साली त्यावर एक गाजलेला निबंध लिहिला आणि तेव्हापासून या क्षेत्रात जो तो मॅक्सएंट चालवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्राणी दिसलेल्या जागांबद्दल जेवढं माहीत आहे तेवढं पाळ, त्यापलीकडे काहीही गृहीत धरू नकोस. आमच्या हापिसातल्या काही लोकांनी हे भिंतीवर लावायला हरकत नाही.

माझ्याकडे तीनशेच्या वर नोंदी होत्या. काही ताईच्या गटाच्या वहीतल्या, बऱ्याचशा लोकांनी हौसेने फोटोसकट टाकलेल्या. नोंदी भरल्या. तुलनेसाठी अख्ख्या महाराष्ट्रातून दहा हजार बिंदू उचलले. कुठलेही, डोळे मिटून. बटण दाबलं, चहा करून आणला, तोवर नकाशा हजर. सह्याद्रीवर लाल ठिपके, भोवती पिवळं, बाकी सगळं निळं. आणि खाली गुण: एयूसी ०.९४.

एयूसी म्हणजे काय, ते लगेच सांगून टाकतो, पुढे लागणार आहे. एक जागा अशी उचला जिथे शेकरू दिसलंय, आणि दुसरी कुठलीही. मॉडेलला विचारा, जास्त गुण कुणाला? दिसलेल्या जागेला जास्त दिले तर मॉडेल बरोबर. अशा सगळ्या जोड्यांत ते किती वेळा बरोबर येतं, तो आकडा म्हणजे एयूसी. ०.५ म्हणजे नुसती छापाकाटा, १ म्हणजे सर्वज्ञ. ०.९४ म्हणजे... म्हणजे मी त्या रात्री बिर्याणी मागवली.

नकाशा ताईला धाडला. तिचं उत्तर आलं, "भारीच रे! यावरूनच यादी करतो."

निळं

तीन आठवड्यांनी, भर बुधवारी, हापिसात मीटिंगमध्ये असताना ताईचा फोन आला. ती अशी मधेच करत नाही, म्हणून बाहेर जाऊन घेतला.

जीपच्या ड्रायव्हरची सासुरवाडी आंबेगावकडच्या एका गावात. परतताना तो म्हणाला, चला, चहा घेऊन जाऊ. गावाच्या वर देवराई. पंधरा-वीस एकरांची, जुनी, उंच झाडं एकमेकांत गुंतलेली. चहा होईपर्यंत ताई सहज वर गेली तर सात घरटी. आणि त्यातल्या एकाच्या शेजारी, फांदीवर पसरलेलं, अक्षरशः ऊन खात बसलेलं शेकरू.

"तुझ्या नकाशात या गावाला काय रंग आहे रे?"

मी फोनवरच नकाशा उघडला. "निळा."

"किती निळा?"

"...गडद."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आम्ही हे नाव यादीतून काढलं होतं. निळं होतं म्हणून."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं सांगितलं. आणि मग ती यादी नुसती फिरण्यासाठी नव्हती हेही सांगितलं. त्या भागातला एक रस्ता रुंद व्हायचा आहे. कुठली झाडं तोडू नयेत याचा एक अर्ज त्यांचा गट देणार होता, आणि त्याला जोडायची होती हीच यादी. शेकरू जमिनीवर फारसं उतरत नाही, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उड्या मारत जातं. मधली चार झाडं गेली की त्याचा रस्ता बंद. म्हणजे आपला रस्ता होणार, त्याचा जाणार. माझ्या नकाशाने त्या गावाच्या बाबतीत "इथे विचार करायची गरज नाही" असं लिहून दिलं होतं.

"गावात कोणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?" मी जरा बचावाच्या सुरात विचारलं.

"मीही तिथल्या म्हाताऱ्या बाबांना तेच विचारलं. ते म्हणाले, हाईत की, मापच हाईत. पन इचारायला कोन आलंय?"

आणि मग ताईने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी हा सगळा लेख लिहितोय.

"मला एक सांग. मी तुला 'आहे' दिलं होतं. 'नाही' तू कुठून आणलंस?"

नाही कुठून आणलंस?

मंडळी, मी इंजिनियर आहे, गेली सहा वर्षं डेटाबेसशी झटापट करतोय, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या फायलीत तीनशेच्या वर 'आहे' होते. 'इथे शोधलं, सापडलं नाही' अशी एकही ओळ नव्हती. मग मॉडेलने तुलना कशाशी केली? त्या दहा हजार बिंदूंशी. ते 'नाही' नव्हते. ते 'माहीत नाही' होते. मी त्यांना नकळत 'नाही' समजलो, आणि वर गुण मोजले.

गंमत म्हणजे हा गोंधळ मला हापिसात रोज भेटतो. आमच्या बग नोंदवायच्या प्रणालीत फक्त सापडलेले बग असतात. मागच्या वर्षी एका मॉड्यूलवर दोन वर्षांत एकही बग नव्हता. सगळे म्हणायचे, काय सुंदर लिहिलंय! मग एका शुक्रवारी रात्री नेमकं तेच कोसळलं आणि शोध घेतल्यावर कळलं की दोन वर्षांत ते कोणी तपासलंच नव्हतं. तो शनिवार-रविवार मी हापिसात काढला होता. म्हणजे धडा मिळाला होता, फक्त शेकरूला लावता आला नाही.

त्या रात्री बसून मॉडेल उसवायला घेतलं. एकेक करून जे निघालं ते असं.

पहिलं. मी एक मुद्दाम मूर्ख मॉडेल बांधलं. पाऊस नाही, तापमान नाही, झाडं नाहीत. फक्त एक थर: जवळचा डांबरी रस्ता किती लांब आणि जवळचं हॉटेल किती लांब. एयूसी ०.८९! शेकरूबद्दल काडीची माहिती नसलेल्या मॉडेलला ०.८९, आणि माझ्या अभ्यासू मॉडेलला ०.९४. नोंदी पुन्हा नीट पाहिल्या. माथेरान, महाबळेश्वर, भीमाशंकर, पुन्हा माथेरान. दिवस बहुतेक शनिवार नाहीतर रविवार. तो नकाशा शेकरूचा कमी, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांच्या वीकांताचा जास्त होता.

दुसरं. मी तुलनेचे बिंदू अख्ख्या महाराष्ट्रातून घेतले होते. लातूर, सोलापूर, बीडच्या माळावर शेकरू नाही हे सांगायला मॉडेल कशाला लागतं? पण त्या प्रत्येक सोप्या जोडीचा गुण मॉडेलला मिळत होता. परीक्षेत पहिलीची बेरीज घालून बारावीच्या पोराला ९४ टक्के द्यावेत तसं. प्रदेश जितका मोठा घ्याल तितका एयूसी फुगतो, मॉडेल तेच राहतं. वर मेळघाटात शेकरू असतंच, पण माझ्या नोंदींत मेळघाट नव्हता, त्यामुळे तिथले बिंदूही मी खुशाल 'नाही'च्या पिशवीत टाकले होते.

तिसरं. तपासणीसाठी मी नोंदींचे यदृच्छेने पाच भाग केले होते. चार भागांवर शिकवायचं, पाचव्यावर परीक्षा. शास्त्रशुद्ध वाटतं ना? पण माथेरानच्या एका नोंदीवर शिकवून, तिथून दोनशे मीटरवरच्या दुसऱ्या नोंदीवर परीक्षा घेतली, तर ते शिकणं नाही, ते पेपर फुटणं आहे. खरी परीक्षा म्हणजे माथेरान अख्खं झाकून ठेवायचं, बाकीच्यावर शिकवायचं, आणि मग विचारायचं, सांग बघू आता.

चौथं. त्या देवराईचंच घ्या. देवराई पंधरा-वीस एकरांची आणि हवामानाची चौकट एक किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे अडीचशे एकरांच्या आसपास. झाडोऱ्याचा थरही मी त्याच मापाला आणून बसवला होता. चौकटीची सरासरी काढली की देवराई भोवतालच्या शेतांत विरघळून जाते. मॉडेलला ती दिसलीच नव्हती. निळा रंग देवराईला नव्हता, सरासरीला होता.

आणि पाचवं, हे जरा खोल आहे. मी ताईला म्हटलं होतं की लाल म्हणजे शेकरू असण्याची शक्यता ८० टक्के. ही चक्क थाप होती. नुसत्या 'आहे'च्या नोंदींवरून हा आकडा निघूच शकत नाही. शेकरू दर दुसऱ्या राईत असेल किंवा दर विसाव्या, दोन्ही परिस्थितींत माझ्या हातात तीनशे नोंदींची हीच फाईल येऊ शकते. फार तर इतकंच म्हणता येतं की ही जागा त्या जागेपेक्षा जास्त बरी दिसते. टक्केवारीसाठी 'शोधलं, नाही सापडलं' लागतंच.

चित्रं आणि घुबड

आपण एकटेच गाढव नाही हे कळलं की जरा बरं वाटतं. पुढचे काही दिवस रात्री जेवणानंतर वाचत बसलो, आणि मनापासून हसलो ते एका निबंधावर. २०१८ साली फूरकाद, बेसनार आणि सेकोंदी यांनी हवामानाच्या थरांऐवजी चक्क जुन्या चित्रकारांची चित्रं नकाशावर पसरली. चित्रातल्या रंगांचे आकडे म्हणजे जणू पाऊस आणि तापमान. त्यावर खऱ्या प्रजातींची मॉडेलं बांधली, आणि नेहमीच्या कसोट्यांवर त्यातली बरीच मॉडेलं चांगली ठरली! एखाद्या चित्रातल्या आभाळाच्या निळ्यावरून प्राणी कुठे राहतो ते 'कळलं'. माझं हॉटेलचं मॉडेल त्यांच्यापुढे फारच गरीब.

मग मॉडेलांची तुलना करायची तरी कशी? याचं सगळ्यात सरळ उत्तर २००६ सालच्या एका मोठ्या अभ्यासात सापडलं. जेन एलिथ आणि तिच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी जगातल्या ६ प्रदेशांतल्या २२६ प्रजाती घेतल्या आणि १६ पद्धती शेजारी शेजारी उभ्या केल्या. मॉडेलं बांधली ती संग्रहालयांतल्या वगैरे, आमच्यासारख्याच 'आहे'वाल्या नोंदींवर. पण परीक्षा घेतली ती वेगळ्या, आखून केलेल्या सर्वेक्षणांवर, जिथे 'आहे'ही होतं आणि 'नाही'ही होतं. त्यात मॅक्सएंटसारख्या नव्या पद्धती जुन्यांपेक्षा सरस ठरल्या. पण माझ्यासाठी निकालापेक्षा रीत महत्त्वाची होती. उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्याच वहीतून फाडून घेतली नव्हती. ती बाहेरून आली होती. हा विदा २०२० मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, आणि २०२२ मध्ये त्यावर नव्या पद्धतींची पुन्हा तुलनाही झाली.

आणि 'नोंद नाही म्हणजे नाही' या समजुतीची सगळ्यात मोठी फजिती तर आपल्याच महाराष्ट्रातली आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. १८८४ साली खानदेशात त्याचा शेवटचा नमुना मिळाला आणि मग काहीच नाही. म्हणजे, एक नोंद होती: रिचर्ड माइनर्टझागेन या बड्या इंग्रज पक्षी-अभ्यासकाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचा दावा केलेला नमुना. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला आणि तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा पेंढा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला जुनाच नमुना निघाला! ती नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी खऱ्या जुन्या नोंदींच्या भागात शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला. ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात चांगल्या संख्येने असल्याचं दिसलं. मग २०१४ मध्ये तो सापडला तानसा अभयारण्यात. तानसा म्हणजे मुंबईला पाणी देणारं तानसा!

विचार करा, २०१३ साली मी तोवरच्या नोंदींवर रानपिंगळ्याचं मॉडेल बांधलं असतं, तर तानसाला कुठला रंग मिळाला असता? सातपुड्याच्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल कोकणाच्या उंबरठ्यावर लाल रंग द्यायला धजावलं असतं असं मला वाटत नाही. आणि मग मी त्या मॉडेलला गुणही सातपुड्यातच दिले असते.

०.७१

मग दुसरं मॉडेल बांधलं. या वेळी प्रदेश फक्त सह्याद्रीचा. तुलनेचे बिंदू डोळे मिटून नाही, तर त्याच भागात लोकांनी नोंदवलेल्या इतर सस्तन प्राण्यांच्या जागा: वानरं, मुंगूस, साध्या खारी. युक्ती अशी की ज्या पर्यटकाने शेकरू नोंदवलं, तोच वानरही नोंदवतो. दोघांतही माथेरानचा पक्षपात सारखाच, त्यामुळे तो बऱ्यापैकी वजा होतो. फिलिप्स आणि मंडळींनीच २००९ मध्ये ही वाट दाखवली. झाडोऱ्यासाठी उपग्रहावरून काढलेला तीस मीटर चौकटीचा थर घेतला आणि तो तसाच बारीक ठेवला. तपासणी करताना डोंगररांगेचे तुकडे पाडून, एकेक तुकडा संपूर्ण झाकून.

एयूसी आला ०.७१.

सांगायला लाज वाटली. ताईला फोन केला. "ताई, आकडा उतरला."

"म्हणजे नवीन वाईट आहे?"

"नाही... मला वाटतं बरं आहे. पहिल्याची परीक्षा सोपी होती."

"वाटतं म्हणजे?"

हा प्रश्न बरोबर होता. ०.९४ आणि ०.७१ यांची तुलनाच होत नाही, कारण पेपर वेगळे होते. दोन मॉडेलं तोलायची तर दोघांना एकच पेपर द्यायला हवा, आणि तो दोघांनीही पाहिलेला नको. असा पेपर कुठेच तयार नव्हता. तो जंगलात जाऊन काढायला लागणार होता. तर हेच ते तीन वीकांत.

ताईचे बारा दिवस जवळपास संपले होते, म्हणून जीपचे पैसे मी भरले (दंड समजा). दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून २४ जागा काढल्या. १२ अशा जिथे दोघांचं एकमत होतं, १२ अशा जिथे दोघं भांडत होते. कुठल्या, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. ती देवराई मुद्दाम वगळली, कारण तिचं उत्तर फुटलेलं होतं. दोन टोळ्या केल्या. प्रत्येक जागी दोनदा जायचं, दुसऱ्यांदा दुसऱ्या टोळीने. कुठल्या नकाशाने काय म्हटलंय ते चालणाऱ्यांना सांगायचं नाही. आणि वहीत पहिल्यांदाच एक नवा रकाना आखला: शोधलं, सापडलं नाही.

हा रकाना भरणं फार कंटाळवाणं काम आहे हो. मान वर करून दोन-दोन तास चालायचं, घामाघूम व्हायचं, मानेचा काटा ढिला होतो, आणि शेवटी लिहायचं काय, तर 'नाही'. 'आहे' लिहिताना लोक फोटो काढतात, नाचतात. 'नाही'चा फोटो कोणी काढत नाही. जगभरच्या नोंदींत 'आहे'च का भरलेत, ते मला चौथ्या 'नाही'ला उमगलं.

निकाल: २४ पैकी ९ जागी घरटी, १५ जागी नाही. (घरटी म्हणजे शेकरांची शिरगणती नव्हे बरं का. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं. आम्ही फक्त आहे-नाही बघत होतो.) ९ आणि १५ च्या मिळून जोड्या झाल्या १३५. जुन्या मॉडेलने त्यातल्या ७६ बरोबर ओळखल्या, नव्याने ९७. म्हणजे एकाच पेपरात जुन्याला ०.५६ आणि नव्याला ०.७२. माझं ०.९४ वालं बिर्याणी-मॉडेल छापाकाट्याच्या जरा वर होतं. आणि ज्याची मला लाज वाटली होती, त्याने स्वतःबद्दल जवळपास खरं सांगितलं होतं.

आता लगेच 'मॉडेल दोन जिंदाबाद' म्हणू नका. जागा २४च. त्यातल्या निम्म्या दोन्ही मॉडेलं भांडतील अशाच निवडलेल्या, म्हणजे पेपर कठीण काढलेला. तीन-चार जागी निकाल उलटा लागला असता तर आकडे सरकले असते. शिवाय दोनदा जाऊन न सापडणं म्हणजेही नसणं नव्हेच. एका जागी पहिल्या टोळीने 'नाही' लिहिलं आणि दुसऱ्या टोळीला तिथेच घरटं मिळालं. 'नाही' नेहमीच 'आहे'पेक्षा थोडं कच्चं असतं. पण विचारून आलेलं कच्चं 'नाही' हे न विचारता मानलेल्या 'नाही'पेक्षा शंभर पटींनी बरं, इतकं मी आता शपथेवर सांगायला तयार आहे.

करडा

अर्ज गेला. त्यात ती देवराई आहे, आणि या तीन वीकांतांतल्या आणखी चार जागा आहेत. उत्तर अजून यायचंय. सोबत नकाशाही जोडलाय. ताईच्या सांगण्यावरून त्यात एक बदल केला. लाल, पिवळा, निळा आहेतच. पण ज्या भागात आजवर कुठल्याच प्राण्याची फारशी नोंद नाही, म्हणजे जिथे कोणी पाहायला गेलेलंच नाही, तिथला निळा काढून करडा रंग भरलाय. खाली सूचीत लिहिलंय: 'कोणी पाहिलेलं नाही.'

पहिल्यांदा करडा भरल्यावर नकाशा बघून मी चरकलो. अर्ध्याहून जास्त सह्याद्री करडा झाला होता. इतका निळा मी कुठल्या हिमतीने भरला होता?

सोमवारी हापिसात गेल्यावर आमच्या बगच्या अहवालात एक रकाना वाढवला: हे मॉड्यूल शेवटचं कोणी आणि कधी तपासलं. लीडने विचारलं, "हे कशाला? बग नाहीत ना त्यात." मी म्हटलं, "माहीत नाही." त्याला वाटलं मी उद्धटपणा करतोय. असो.

आणि हो, तीन वीकांत, २४ जागा, ९ ठिकाणी घरटी... शेकरू काही मला दिसलं नाही.

आवाज मात्र ऐकला हं.